नाव घेत न्हाई आमी

“मोडू नका! आवं, मोडू नका त्यो कोंब!”

ओरडून झाल्यावर बायनाच्या लक्षात आलं की समोरचा माणूस ओळखीचा नाही. आषाढाची भुरभुर तीन दिवस लागून राहिली होती. सागाच्या पानांवरून पाणी निथळत होतं, आणि बोराटीच्या जाळीपाशी एक उंच गडी घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन वाकला होता. त्याच्या दोन बोटांत एक कोवळा हिरवा कोंब होता. मोडला नव्हता अजून... पण मोडायच्या बेतात होता.

“कामून?” त्यानं मान वर न करताच विचारलं. “तुपल्या बापानं लावलाय व्हय?”

“बापानं न्हाई, देवानं लावलाय. येकदा कोंब मोडला की कंद पुन्हा वर येत न्हाई. वरीसभर मातीत मुका बसतो. सोडा त्याला.”

त्यानं सोडला. मग मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा एक थेंब लोंबकळत होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. बायनानं हसू दाबलं.

“मपलं करडू तोंड घालायलं होतं इथं,” तो म्हणाला. “म्हनलं, काय हाय ते बघावं तरी.”

“खाल्लं असतं तर सांजच्याला करडू पुरावं लागलं असतं.”

“इतकं जहर? नाव काय ह्याचं?”

बायनानं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

“नाव घेत न्हाई आमी.”

“कामून? नवरा हाय का काय तुपला?”

बायनाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. ह्या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की माणसाचं काही खरं नसतं. ती वळली, शेळ्यांना उगीचच दोन शिव्या दिल्या आणि वाडीच्या वाटेला लागली.

आता नावाची भानगड सांगितली पाहिजे, कारण पुढं जे झालं ते सगळं त्यातूनच झालं.

जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात तेव्हा रान चांगलं दाट होतं. राज्य निजामाचं, साल फसली तेराशे एकोणपन्नास, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चाळीस. रानाच्या कडेला वीस-पंचवीस घरांची एक वाडी होती. तिथं बायनाचा बाप लिंबाजी शेळ्या राखायचा, आणि त्याची विधवा बहीण भिवराबाई सुईणपण करायची. चार-चार कोसांवरून तिला बोलावणं यायचं. आत्याला मुळ्या आणून द्यायचं काम बायनाचं. कुठल्या जाळीत काय आणि कधी उगवतं, हे तिला तोंडपाठ होतं.

त्या कोंबाचं नाव कळलावी. बाळंतपण अडलं की तिच्या कंदाची पूड पाण्यात कालवून बाईच्या तळपायांना लावायची, म्हणजे कळा येतात. लेकरू रडलं की लगेच पुसून टाकायची. पोटात कणभरसुद्धा जाऊ द्यायची नाही, कारण ती जहर आहे. आणि दुसरं असं की ती घरात ठेवली, नुसतं नाव जरी उंबऱ्याच्या आत घेतलं, तरी त्या घरात कळ लागते, भांडणं पेटतात, अशी सगळ्यांची खात्री. बाळंतिणीच्या दाराशी तर ते नाव कुणी मेलं तरी घेत नसे.

बायनाला ते न घ्यायला आणखी एक कारण होतं. ते नाव तिचंच होतं. ती जन्मली त्या दिवशी बाप आणि चुलता शेळ्यांच्या वाटणीवरून असे भांडले की दोन चुली झाल्या. चुलती म्हणाली, “कळलावी जलमली!” तरीही लोक विसरले असते. पण सोळाव्या वर्षी सुपारी फुटायच्या दिवशी पहिला विडा कुणाला द्यायचा यावरून पाहुण्यांत काठ्या निघाल्या, सुपारी तशीच राहिली, आणि नाव कायमचं चिकटलं. बायना आता एकोणीस वर्षांची होती. तिच्या बरोबरीच्या पोरींच्या कडेवर दोन-दोन लेकरं होती.

तो गडी वालूरचा निघाला. खाली काळ्या रानात पेरण्या झाल्या की तिकडची माणसं मेंढ्या-शेळ्या घेऊन चार महिने डोंगराला येत. जात तीच, देव तोच. नाव भुजंग.

“भुजंग!” दुसऱ्या भेटीत बायना म्हणाली. “मग तुमाला जहराचं काय भ्यावं? तुमीच चावा त्याला.”

“चावलो असतो. पन तू वरडलीस ना.”

आषाढ असा गेला. “ओ भुजंग, करडू बघा!” “भुजंग, घोंगडी उलटी घेतलीय!” दिवसातून दहादा ती त्याचं नाव घ्यायची, आणि दरवेळी त्यात थोडी थट्टा असायची. तिकडं जाळीतला कोंब हातभर वाढला. मग कंबरेएवढा. त्याला ना काटा, ना खोड. पण प्रत्येक पानाचा शेंडा लांब आणि बारीक होत जाऊन वळलेला, आणि तो जे सापडेल त्याला धरून वर चढायचा.

एका दुपारी बायना आली तर भुजंग त्या जाळीपाशी एक बोट पानाच्या शेंड्याला लावून उभा. पाऊस अंगावर घेत, अगदी हलायचं नाही असा.

“काय करायलाव?”

“बघायलोय... धरतं का मला.”

“मानसाला न्हाई धरत ते.”

“मंग मानसाला कोन धरतं?”

ह्याला उत्तर नव्हतं असं नाही. पण ते देण्यासारखं नव्हतं. बायनानं पदराचं टोक पिळलं, त्यातून पाणी गळालं, आणि ती म्हणाली, “ताप आल्यावर हिव धरतं. घरी जावा.”

श्रावणात फूल आलं. आधी हिरवट, मग पिवळं, मग केशरी, आणि शेवटी टोकापासून देठापर्यंत लाल. पाकळ्या उलट्या वर वळलेल्या, आणि मान खाली. भुजंग उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

“खाली मान घालून पेटलंय,” तो म्हणाला.

त्यानं ते तोडलं नाही. तोडून तिला दिलं असतं तर तिला आवडलं नसतं, हे त्याला न सांगता कळलं होतं, आणि बायनाला त्याचंच फार वाटलं.

मग एकदा तो वाडीत मीठ मागायला गेला आणि वेगळाच चेहरा घेऊन परत आला. बायनानं ओळखलं.

“सांगितलं ना लोकांनी?”

“सांगितलं. म्हनले, त्या कळ—”

“घेऊ नका!”

तिचा आवाज चिरकला. भुजंग हळूच म्हणाला, “न्हाई घेत. पन येक सांगू? मपलं नाव भुजंग. माय म्हनते, ह्या नावाला कोन पोरगी देतंय. तुपलं जहर, मपलं जहर... जमतंय की गं.”

त्या दिवसानंतर एक गंमत झाली. बायनाच्या तोंडून त्याचं नाव येईनासं झालं. “आवं”, “ऐकलं का”, “इकडं बघा जरा”... सगळं यायचं, नाव मात्र घशाशी येऊन थांबायचं. बायकांना नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप येतं. पण त्यासाठी आधी लग्न व्हावं लागतं, एवढंच.

भादव्यात भुजंगनं हटकलं. “आजकाल मपलं नाव घेईना झालीस.”

“मपली शेळी गेली तिकडं!” म्हणत बायना पळाली. शेळी कुठंही गेली नव्हती. ती जाग्यावर बसून रवंथ करत होती.

दोघांनी ठरवलं ते असं. भुजंगची एकुलती बहीण कासा पहिल्या बाळंतपणाला वालूरला, माहेरी आली होती. आश्विनात ती मोकळी झाली की भुजंगची आई पार्वतीबाई सुपारी घेऊन वाडीला येणार. भुजंगनं तिच्या कानावर घातलं होतं, आणि ती नाही म्हणाली नव्हती. बायनाला तेवढं पुरेसं होतं. त्या घरात गेलं की कळलावी हे नाव डोंगरातच राहील, असं ती स्वतःला सांगायची, आणि रोज एकदा तरी सांगायची.

आश्विनातल्या एका दुपारी भुजंग धावत आला. बहिणीसाठी तो आठ दिवस घरीच होता. चार कोस पळून त्याच्या तोंडाला फेस आला होता.

“भिवराबाई कुठं हाय?”

“आत्या पल्याडच्या तांड्यावर गेलीय बाळंतपनाला. उद्या येईल. काय झालं?”

“कासाला काल सकाळधरनं कळा यायल्यात अन् थांबायल्यात. मायनं औषध आनायला सांगितलं.”

बायनानं वळचणीला खोचलेल्या दोन पुड्या काढल्या. पळसाच्या पानात बांधलेल्या, आकारानं सारख्या, आत पूड, तीही सारखीच पांढुरकी.

आत्याचा एक नियम होता. औषध न्यायला आलेल्या माणसाला ती वाडीच्या बाहेर, रुईच्या झाडापाशी न्यायची, आणि तिथं त्याच्याकडून तीनदा वदवून घ्यायची. कळलावी, तळपायाला. कळलावी, तळपायाला. कळलावी, तळपायाला. घरात नाव निघत नाही, म्हणून बाहेर पक्कं करून घ्यायचं. चाळीस वर्षांत आत्यानं हे एकदाही चुकवलं नव्हतं.

बायना त्याला रुईपर्यंत घेऊन गेली. आणि तिथं तिची जीभ अडली. ह्याला काय वदवायचं? कोंबापासून फुलापर्यंत ते झाड ह्यानं जितकं पाहिलंय तितकं वाडीतही कुणी पाहिलं नसेल. आणि खोटं कशाला सांगा, त्याच्या तोंडून ते नाव तिला ऐकायचंच नव्हतं. सगळ्या जगानं घेतलं तरी त्यानं घेऊ नये, असं तिला वाटत होतं.

“ही शतावरी,” ती म्हणाली. “मोकळी झाल्यावर दुधातून द्यायची. अन् ही...”

“ही?”

“ही मपल्या नावाची. तळपायाला.”

तो एवढ्या काळजीतही हसला. बायनानं पदराच्या काठाचा एक निळा दोरा दातांनी तोडला आणि त्या दुसऱ्या पुडीला बांधला.

“दोऱ्याची तळपायाला, बिनदोऱ्याची दुधात. ध्यानात ऱ्हाईल?”

“तुपल्या पदराचा दोरा, अन् मी इसरंन व्हय?”

तो उताराला लागला. बायना रुईपाशी उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. तिला आपलं काही चुकलं असं जराही वाटलं नाही.

चार दिवस तिनं अंगण दोनदोनदा सारवलं. पाहुणे येणार म्हणून बापाला नवं पागोटं बांधायला लावलं. पाचव्या दिवशी आत्या आली. ती तांड्यावरून परस्पर वालूरला गेली होती. ती दारात बसली, पायसुद्धा धुतले नाहीत.

“पोरगी झाली,” आत्या म्हणाली. “पोरगी बरी हाय. कासाबाई गेली.”

बायनाला आधी शब्दच कळले नाहीत.

“त्याच सांजंला मोकळी झाली. तळव्याला लावली ती शतावरी होती. लेकरू आपल्या येळंला आलं, त्याला कशाचीच गरज नव्हती. मंग ताकद यावी म्हनून दुधात पूड पाजली. ती... ती दुसरी होती. दोन दिवस कासाबाई वकत होती, बायना, पोटात पानीबी ठरंना. डोळं खोल गेलं. हातपाय गार पडलं. तिसऱ्या दिवशी गेली.”

“मी दोरा बांधला होता.”

“दोरा नव्हता. पुड्या आत घेतल्या त्या त्याच्या काकूनं, चतुराबाईनं. ती लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांगायलीय, दोरा नव्हता.”

“बांधला होता आत्या! मपल्या पदराचा!”

“तीनदा वदवलंस का?”

बायनानं पदराचा दोरा तुटलेला काठ मुठीत धरला.

“मी काय हौसंनं वदवून घेते, व्हय गं?” भिवराबाई एवढंच म्हणाली, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. शिव्या दिल्या असत्या तर बायनाला सोसल्या असत्या.

समाजाचे पंच वाडीच्या महादेवापुढं बसले. वालूरहून वीस माणसं आली होती. बोलणं एकच होतं, कळलावीनं नाव खरं केलं. लिंबाजीचं घर वाळीत टाका, आणि ह्या घराच्या सुईणीला पुन्हा कुणी बोलवू नका. लिंबाजी नवं पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. समोरची निम्मी माणसं गेल्या चाळीस वर्षांत भिवराबाईच्याच हातावर जन्मली होती, आणि कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

बायनाच्या जवळ एकच गोष्ट होती, दोरा. दोरा बांधला होता हे पटलं तर आत्या वाचत होती, घर वाचत होतं. तिनं ठरवलं होतं की हजारदा विचारलं तरी तेच सांगायचं.

तेवढ्यात तिला भुजंग दिसला. तो आईच्या मागं बसला होता, दाढी वाढलेली, हात घोंगडीत खुपसलेले. कुणीतरी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या केला. त्यानं हात बाहेर काढला, आणि त्याच्या मनगटाला निळा दोरा होता.

बायनाला सगळं कळलं. वाटेत त्यानं तो सोडला असणार. तिच्या पदराचा दोरा चतुराबाईच्या हाती जाऊन कचऱ्यात पडू नये, म्हणून आपल्या हाताला बांधून घेतला असणार. तिनंही तेच केलं असतं. आणि तिला पार्वतीबाई दिसली, आठ दिवसांत वाळून गेलेली, मांडीवर आईविना पोर घेतलेली. आता त्या बाईला सांगायचं, की तुझ्या लेकानंच तुझ्या लेकीला...

“दोरा बांधला होता का न्हाई?” पंचांतल्या म्हाताऱ्या दत्तरावांनी विचारलं.

“न्हाई,” बायना म्हणाली. “ऱ्हायला बांधायचा.”

आत्या ताडकन उठली. बायनानं तिच्याकडं बघितलं नाही.

माणसांत गलका झाला. दत्तरावांनी हात वर केला. “गप बसा. पंचांपुढं सगळं तिच्या तोंडून आलं पाह्यजे. पोरी, पुड्या कुनाच्या हातात दिल्यास?”

“कासाबाईच्या भावाच्या.”

“नाव घे.”

बायना खाली बघत राहिली.

“भावाला नाव न्हाई का? नाव घे त्याचं.”

तिनं खरंच प्रयत्न केला. नुसतं एक नाव. आषाढात दिवसातून दहादा घेतलेलं. ओठ हलले, पण नाव काही बाहेर येईना, आणि तिचा हात आपोआप पदराकडं गेला.

“नाव घे म्हनलं ना!”

“नाव घेत न्हाई आमी,” ती पुटपुटली.

पुरुषांना काही कळलं नाही. बायकांना कळलं. आधी एकीनं दुसरीकडं बघितलं, मग पार्वतीबाईनं मान वर करून बायनाकडं पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत, सावकाश.

तेव्हा भुजंग उठला. त्यानं घोंगडी टाकली आणि मनगट पुढं केलं.

“दोरा बांधला होता. मी सोडला.” त्याचा आवाज मातीतून आल्यासारखा येत होता. “ध्यानात हाय म्हनून सोडला. उजव्या हातात दुधाची, डाव्यात तळव्याची, असं घोकत आलो. दारात चतुराकाकू म्होरं हुबी ऱ्हायली. मी म्हनलं, उजव्या हातातली दुधात. तिनं समोरासमोर पुड्या घेतल्या. मपल्या डाव्यातली तिच्या उजव्यात गेली. नाव घेतलं असतं तर कळलं असतं. पन बाळातिनीच्या दारात नाव कसं घ्यायचं... न्हाई घेतलं. तिनं न्हाई मारलं कासाला. मी मारलं.”

एवढं बोलून तो उभाच राहिला, मार खायला उभं राहावं तसा.

पार्वतीबाईनं पोर चतुराबाईजवळ दिलं आणि ती लेकापाशी गेली. त्याच्या मनगटाची गाठ सोडू लागली. पाण्यानं गाठ आवळली होती, सुटेना. शेवटी तिनं वाकून दातांनी दोरा तोडला, आणि बायनाजवळ येऊन तिच्या हातात ठेवला.

“तू नाव घेईनास, तवाच मला कळलं,” ती म्हणाली. “खोटं बोललीस तेबी मपल्यासाठी बोललीस. अशी सून मी देवाला मागितली असती गं. पन आता न्हाई. तू दूध हातात घेऊन दारात आलीस, की मला मपली कासा वकताना दिसंल. मी माय हाय. मला न्हाई जमायचं.”

पंचांनी लिंबाजीचं घर वाळीत टाकलं नाही, भिवराबाईचं सुईणपणही थांबवलं नाही. आईविना लेकराला दुधासाठी त्यानं एक दुभती शेळी द्यावी, एवढंच ठरलं. बायनानं कळपातली सगळ्यांत चांगली शेळी स्वतः सोडून दिली.

वालूरची माणसं परतली, तरी भुजंग बोराटीच्या जाळीपाशी थांबला होता. बायना तिथं गेली. वेल वाळून पिवळा पडला होता, शेंगा उकलून लाल बिया दिसत होत्या. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर होतं, आणि ते कुणीच कमी केलं नाही.

“मी जायलोय,” तो म्हणाला. “सेलूहून गाडीनं मनमाडकडं. रेल्वेचं खडीचं काम निघालंय. मायच्या डोळ्यांम्होरं ऱ्हावत न्हाई.”

“बरं.”

“बायना... थांबशील?”

तिनं जाळीच्या बुडाकडं बघितलं. “कोंब मोडला की त्या वर्षी येत न्हाई. सांगितलं होतं तुमाला.”

“अन् पुढल्या वर्षी?”

“जुना कंद कुजतो, त्यातनंच नवा धरतो. जित्ता असंल तर येतो वर.”

“जित्ता हाय का, कसं कळायचं? उकरून बघितलं तर?”

“उकरलं की मरतो,” बायना म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “पाऊस पडल्यावरच कळतं.”

तो जायला वळला. एकदा तरी ती नावानं हाक मारेल, असं त्याला वाटत असावं. बायनालाही वाटत होतं.

“ऐकलं का,” ती म्हणाली. “जपून ऱ्हावा.”

त्यानंतर औषध द्यायचं काम आत्यानं बायनाकडंच ठेवलं. येणाऱ्या माणसाला ती रुईपाशी न्यायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, “म्हना, कळलावी, तळपायाला!” तीनदा. कुणी पुटपुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. तिच्याच तोंडून ते नाव वाडीभर ऐकू जायला लागलं, तशी लोकांनी तिला त्या नावानं चिडवणं सोडलं. चिडवण्यात काही राहिलंच नव्हतं. माघात वालूरला दिलेली शेळी आटली, तेव्हा लिंबाजीनं न सांगता दुसरी पाठवली. पार्वतीबाईनं ती परत पाठवली नाही.

फाल्गुनात मर्दुमशुमारी, म्हणजे माणसांची सरकारी मोजणी, आली. ऊन तापायला लागलं होतं, सागाची पानं गळून रान उघडं पडलं होतं, आणि बोराटीच्या बुडाशी नुसती कोरडी माती होती. खाली काही आहे की नाही, वरून सांगता आलं नसतं. सरकारी कारकून कागद घेऊन घरोघर माणसं मोजत हिंडत होता. लिंबाजीच्या ओसरीवर तो टेकला.

“नाव?”

“बायना.”

“बापाचं?”

“लिंबाजी.”

“लग्न झालंय?”

लिंबाजी दोर वळत होता, त्याचे हात थांबले. भिवराबाई नाही म्हणायला तोंड उघडणार, तोच बायना बोलली.

“नवऱ्याचं नाव इचारायलाव का?”

“ते लिहावं लागतं बाई.”

“नाव घेत न्हाई आमी.”

कारकुनाला ह्यात नवल नव्हतं. सकाळपासून प्रत्येक घरात हेच चाललं होतं. “मग उखाण्यात घे,” तो हसून म्हणाला. बायना हलली नाही. तो भिवराबाईकडं वळला. “मावशी, तुम्ही सांगा. उशीर होतोय.”

भिवराबाईनं भाचीकडं बघितलं. पाच महिने तिनं तो विषय घरात काढला नव्हता. तिनं एकदा भावाकडं पाहिलं. लिंबाजीनं मान खाली घातली आणि पुन्हा दोर वळायला घेतला.

“लिवा,” आत्या म्हणाली. घसा खाकरून तिनं स्पष्ट सांगितलं, “भुजंग. वालूरचा.”

“इथंच असतो?”

“परगावी हाय,” बायना म्हणाली. “पाऊस पडल्यावर कळंल.”

कारकुनानं लिहून घेतलं. पाच महिन्यांनी कुणाच्यातरी तोंडून ते नाव तिनं ऐकलं होतं. बायनानं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, आणि कारकुनासाठी पाणी आणायला ती आत गेली.